आठ अधिक आठ, तरी आठच

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: नागपूरचा २४ वर्षांचा तरुण, वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेला. घरातला गेमिंग पीसी मावसभावाने २०१७ मध्ये असेंबल करून दिला होता. त्यात आय५-७५०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) आणि ८ जीबीचं जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड आहे. यंदा बोनसमधून १४४०पीचा, म्हणजे जास्त पिक्सेलचा, मॉनिटर घेतला आणि नवे गेम जेमतेम ४० एफपीएसवर (सेकंदाला ४० फ्रेम, म्हणजे चित्रं) आले. जवळचा मित्र शिकायला जर्मनीला निघालाय, सामान विकतोय. त्याच्याकडेही १०७० आहे, ते तो याला ८ हजारांत द्यायला तयार आहे. वाचकाचा हिशेब असा: दोन कार्डं जोडली की ८० एफपीएस, मेमरी ८ अधिक ८ म्हणजे १६ जीबी, आणि १६ जीबीच्या नव्या कार्डाचे पैसे वाचले. शाळेत असताना एका गेमिंग कॅफेत दोन कार्डांचा पीसी पाहिला होता, तेव्हापासून तसाच आपलाही असावा असं मनात आहे. वडील म्हणतात, चालतंय ना, मग कशाला? धाकटी बहीण ॲनिमेशनचा कोर्स करते, रात्री ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमसाठी तिलाही हाच पीसी लागतो, त्यावरून रोज वाद. कार्ड घ्यावं का? आणि नको असेल तर मित्राला कसं सांगावं?

उत्तर:

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तू जाता जाता लिहून टाकला आहेस: मदरबोर्ड बी२५०. त्यावर दोन १०७० बसतील, पण जोडीने चालणार नाहीत.

कारण सांगते. तुझ्या प्रोसेसरमधून ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, निघतात. त्याच पिढीच्या झेड२७० बोर्डावर त्या दोन स्लॉटमध्ये आठ-आठ अशा वाटता येतात. बी२५० वर त्या सगळ्या पहिल्या स्लॉटला जातात. खाली दुसरा लांब स्लॉट असेल तर तो दिसायला तसाच असतो, पण त्याला चिपसेटकडून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडून, चारच लेन मिळतात. आणि १०७० ची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची अट अशी की एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच गेम चालवायची तिची सोय, चालू व्हायला प्रत्येक कार्डाला किमान आठ लेन हव्यात. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एसएलआयचा पर्यायच उमटणार नाही. दुसरं कार्ड लावशील, पंखे फिरतील, दिवे लागतील आणि गेम पहिल्याच कार्डावर चालत राहील.

इथेच थांबता आलं असतं. पण मला शंका आहे की हे वाचून तू ‘सेकंड हँड झेड२७०’ शोधायला बसशील. शिवाय ज्यांच्याकडे असा बोर्ड आधीच आहे आणि ज्यांना कुणीतरी जुळं कार्ड स्वस्तात देऊ करतंय, असे वाचकही बरेच असणार. तेव्हा बोर्ड योग्य आहे असं धरून पुढे जाऊ.

आधी मेमरी. तुझ्या हिशेबातला सगळ्यात मोठा घोटाळा इथे आहे. दोन्ही कार्डं एकच गेम चालवतात तेव्हा त्या गेमचं सगळं सामान, म्हणजे भिंतींची टेक्श्चर, पात्रांची मॉडेलं, सावल्यांचे नकाशे, दोघांकडेही जसंच्या तसं भरावं लागतं. एका कार्डाने दुसऱ्याच्या मेमरीतून दर फ्रेमला ते ओढायचं म्हटलं तर मधली वाट फारच अरुंद पडते. म्हणून गेमला मेमरी दिसते ती ८ जीबीच. १४४०पीवर नवा गेम ८ जीबीत मावत नसेल तर तो दोन १०७० वरही मावणार नाही. जाहिरातींनी मात्र दोन्ही आकडे बेरीज करून छापायची सवय लावली. दोन चिप असलेल्या एकेका कार्डाच्या खोक्यावरही तीच बेरीज असायची.

आता वेग. दोन कार्डं जोडायची कल्पना जुनी आहे. थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये व्हूडू २ हे कार्ड बाजारात आणलं, तेव्हा एसएलआय नावाच्या जोडणीत एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हे नाव परत आणलं. पण आतली पद्धत बदलली होती. ओळी वाटून घेण्याऐवजी बहुतेक गेममध्ये फ्रेम वाटून घेतल्या जाऊ लागल्या: पहिली फ्रेम या कार्डाकडे, दुसरी त्या कार्डाकडे, तिसरी पुन्हा याच्याकडे. एटीआयने पाठोपाठ २००५ मध्ये क्रॉसफायर आणलं, तेही मुख्यतः याच वाटेने गेलं.

या पद्धतीत ‘४० चे ८०’ असं कागदावर दिसतं. त्यात दोन गोष्टी लपतात. ४० एफपीएस म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला २५ मिलिसेकंद लागतात. दोन कार्डं आली म्हणून ते २५ चे साडेबारा होत नाहीत. प्रत्येक कार्ड आपली फ्रेम २५ मध्येच काढतं, फक्त दोघं एकमेकांच्या अध्येमध्ये काढतात. म्हणजे मोजलेला आकडा वर जातो, पण माऊस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर जवळपास तेवढाच राहतो. दुसरी गोष्ट, दोघांचा ताल नेहमी जुळतोच असं नाही. एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत येते, पुढची २० नंतर. सरासरी ८०, डोळ्यांना मात्र चित्र अडखळताना दिसतं. याला मायक्रोस्टटर म्हणतात. हा भास नाही: २०१३ च्या सुमारास फ्रेमगणिक वेळ मोजायची साधनं आली तेव्हा तो उघडा पडला, आणि त्याच वर्षी एएमडीला (एटीआय विकत घेतलेल्या कंपनीला) ताल सुधारणारा खास ड्रायव्हर काढावा लागला. तू कॅफेत जे पाहिलंस ते त्या काळचं वैभव होतं हे खरं. अनुकूल गेममध्ये दीडपट, कधी पावणेदोनपट वेग मिळायचाही. पण गेम अनुकूल असावा लागे, आणि त्यासाठी एनव्हिडिया प्रत्येक गेमचं वेगळं प्रोफाईल ड्रायव्हरमध्ये घालत असे.

मग गेमच बदलले. जुन्या गेममध्ये प्रत्येक फ्रेम बरीचशी स्वतंत्र असे. आताचं बहुतेक सगळं चित्रण अंताक्षरीसारखं झालंय: आधीच्याने शेवटचं अक्षर दिल्याशिवाय पुढच्याला सुरुवात करता येत नाही. कडा गुळगुळीत करणारं टीएए मागच्या फ्रेमांतली माहिती वापरतं, कमी पिक्सेलवर काढलेलं चित्र मोठं करणारी डीएलएसएस आणि एफएसआर २ पासूनची एफएसआरही वापरतात, धुकं, प्रतिबिंबं, सावल्या, सगळ्यांचा थोडाथोडा हिशेब मागच्या फ्रेमवरून पुढे येतो. एक फ्रेम या कार्डावर आणि मागची त्या कार्डावर असली, की दर वेळी माल इकडून तिकडे न्यावा लागतो आणि वाचवलेला वेळ वाहतुकीत जातो. त्यात डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन, म्हणजे गेमने कार्डाशी बोलायच्या नव्या पद्धती, आल्या. त्यांनी दोन कार्डं सांभाळायची जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून गेम बनवणाऱ्यांकडे दिली. दोन कार्डं असलेली गिऱ्हाईकं मूठभर, त्यांच्यासाठी एवढे कष्ट कोण घेणार? काहींनी घेतले. शॅडो ऑफ द टूम रेडर, रेड डेड रिडेम्प्शन २, स्ट्रेंज ब्रिगेड, अशी काही नावं सांगता येतात. सायबरपंक २०७७ किंवा एल्डन रिंगमध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं.

शेवटी एनव्हिडियानेच १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाईलं देणं बंद केलं. ३० च्या मालिकेत जोडायचा कनेक्टर उरला तो फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला, ४० च्या मालिकेत तोही गेला. एएमडीने २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेपासूनच क्रॉसफायर सोडलं. म्हणजे तुझा मित्र देतोय ते कार्ड चांगलं असेल, पण ज्या सोयीसाठी तू ते घेतोयस ती सोय बाजारातून उठून काही वर्षं झाली.

वडिलांच्या प्रश्नाकडे येते. ‘चालतंय ना, मग कशाला’ याला तू पत्रात कंजुषी म्हटलंयस. मला त्यात एक चांगला प्रश्न दिसतो: नेमकं काय चालत नाहीये? ते तू तपासलेलं नाहीस. कार्ड कमी पडतंय हे तू गृहीत धरलंस. तुझा आय५-७५०० चार कोर आणि चारच थ्रेडचा आहे, म्हणजे एका वेळी चारच कामं हाताळतो. आजच्या मोठ्या गेममध्ये तो स्वतःच घाम गाळत असणार, आणि प्रोसेसर अडवत असेल तर दोन काय, चार कार्डं लावूनही ४० चे ४२ होतील. पाहायची रीत फुकट आहे. ज्या गेममध्ये ४० मिळतात तो उघड, त्याच जागी उभा राहा, बाकी सेटिंग न बदलता रिझोल्यूशन १४४०पी वरून ७२०पी वर आण. एफपीएस भराभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागच्या जागी राहिले तर दोष प्रोसेसरचा. हे तीन-चार गेममध्ये करून बघ, कारण उत्तर गेमगणिक वेगळं येऊ शकतं.

त्याच वेळी कार्डाचं तापमान बघ. आठ-नऊ वर्षं वापरलेल्या कार्डात धूळ साचलेली असते, थर्मल पेस्ट वाळलेली असते. तापलं की ते आपण होऊन वेग कमी करतं. ब्लोअर मारून, पेस्ट बदलून कधीकधी चार-पाच एफपीएस परत मिळतात. हे काम स्वतः केलं नसशील तर दुरुस्तीच्या दुकानात कर, हीटसिंकचे स्क्रू घाईने काढले की चिपचा कोपरा उडतो.

कार्डाची किंमत ८ हजार, पण दोन कार्डांची किंमत ८ हजार नाही. जोडायला ब्रिज (दोन कार्डांवर बसणारी पट्टी, शक्यतो एचबी प्रकारची) लागतो, तो आता सेकंड हँडच मिळतो आणि दोन स्लॉटमधल्या अंतराला जुळणाराच लागतो. एक १०७० साधारण १५० वॅट घेतं, कारखान्यातूनच जास्त वेगावर ठेवलेलं मॉडेल त्याहून अधिक. ५५० वॅटच्या चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसवर बेरीज कशीबशी बसेल, पण त्याला कार्डासाठीच्या तेवढ्या वायरी आहेत का ते बघ. एका वायरीतून दुसऱ्या कनेक्टरला जुगाड करून वीज द्यायची नाही. २०१७ चा एसएमपीएस आज नव्यासारखा दमदार राहिलेला नसतो, हेही धर. पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅट देतो. दोन कार्डं भरात असताना लाईट गेली की तोही लगेच मान टाकेल. वीजबिलाची भीती मात्र मी घालणार नाही: रोज चार तास खेळलास तरी जास्तीचे १५० वॅट म्हणजे महिन्याला १८ युनिट. खरी अडचण उष्णतेची आहे. तेवढे सगळे वॅट शेवटी तुझ्या खोलीत उष्णता म्हणून उतरतात, आणि नागपूरचा मे तुला मी सांगायला नको. कूलरसमोर पीसी ठेवणाऱ्यांनी दमट हवेचाही विचार करावा. आणि कॅबिनेटमध्ये दोन कार्डं चिकटून बसली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवाच ओढत राहतं.

तरीही, शाळेपासूनची ती इच्छा मला क्षुल्लक वाटत नाही. काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन कार्डं, मध्ये ब्रिज, हे देखणं दिसतं यात वाद नाही. ते तुला छंद म्हणून करायचं असेल तर कर. सेकंड हँड झेड२७० घे, दोन कार्डं लाव, जीटीए ५ खेळ, विचर ३ ची डायरेक्टएक्स ११ आवृत्ती खेळ, बेंचमार्क काढ, आकडे लिहून ठेव. लोक जुन्या स्कूटर दुरुस्त करतात, त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. फक्त त्या खर्चाला ‘बचत’ म्हणू नकोस. तुझं पत्र दोन्ही एकाच वेळी म्हणतंय, आणि गोंधळ तिथेच झालाय. छंदाचे पैसे वेगळे काढता येत असतील तर मला आक्षेप नाही. नवे गेम १४४०पीवर नीट चालावेत ही गरज असेल तर हा रस्ता तिथे जात नाही. उलट काही गेम तर तिथे उघडणारच नाहीत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस यांना कार्डातच रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवायची, सोय लागते, ती १०७० मध्ये नाही. नसलेल्या गोष्टीला दोनाने गुणून काही हाती लागत नाही.

आता बहिणीकडे वळते. तू तिचा उल्लेख तक्रार म्हणून केलास. मला मात्र त्या ओळीत दोन कार्डांची खरी जागा दिसली. ब्लेंडरमधल्या सायकल्सला, म्हणजे अंतिम चित्र काढणाऱ्या (रेंडर करणाऱ्या) भागाला, एसएलआय लागतच नाही, ब्रिज लागत नाही, सारखी कार्डं लागत नाहीत. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दोन्ही कार्डांवर टिक केली की काम दोघांत वाटलं जातं, आणि मोठ्या रेंडरचा वेळ दोन सारख्या कार्डांवर जवळपास निम्मा होतो. चार लेनचा स्लॉटही तिथे चालून जातो, कारण सीन एकदा भरला की मग कार्डं आपापली मोजणी करत बसतात. मेमरीचा नियम मात्र तोच, सीन प्रत्येक कार्डात पूर्ण मावला पाहिजे. संगणकावर स्वतःचं भाषा-मॉडेल चालवणारे लोक हल्ली दोन-दोन कार्डं लावतात, तिथे गोष्ट उलटी आहे: मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, म्हणून मेमरी खरोखर बेरजेने वापरता येते. तुझ्या बेरजेला कुठे जागा असेल तर ती तिथे, गेममध्ये नाही.

मग बहिणीसाठी म्हणून मित्राचं कार्ड घ्यावं का? तरीही नाही म्हणेन. आरटीएक्स कार्डात रे ट्रेसिंगसाठी वेगळे कोर असतात आणि सायकल्स ते ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरमधून वापरतं. त्यामुळे रेंडरला दोन १०७० मिळूनही एका आरटीएक्स ३०६० च्या मागे पडतात. ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल २०२१ मध्ये आलं, आता सेकंड हँड बाजारात भरपूर आहे, १७० वॅट घेतं, तुझ्या एसएमपीएसवर चालेल. तुझ्या गेमला त्यातून डीएलएसएस मिळेल, तिच्या सीनला चार जीबी जास्त. आरटीएक्स ४०६० गेममध्ये त्याहून वेगवान आणि फक्त ११५ वॅटचं, म्हणजे तुझ्या आताच्या एका कार्डापेक्षाही थंड. पण त्याची मेमरी ८ जीबी. तू एकटा असतास तर मी ४०६० कडे झुकले असते, घरात ब्लेंडर आहे म्हणून ३०६० कडे झुकते. रेडिऑन आरएक्स ६६०० स्वस्त पडतं आणि गेमला चांगलं आहे, पण ब्लेंडरमध्ये ते मागे राहतं.

नवं कार्ड आल्यावर जुनं १०७० लगेच विकू नकोस, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघ. दोन कार्डांची आजच्या काळात शहाणी ठरणारी मांडणी हीच आहे: सारखी नसलेली, प्रत्येकाला वेगळं काम असलेली. बहिणीच्या रेंडरला ते हात देईल. तुला लॉसलेस स्केलिंग नावाचा छोटा प्रोग्रॅम स्टीमवर मिळेल. २०२५ पासून तो दोन कार्डांवर नीट चालतो: मोठं कार्ड गेम काढतं, छोटं मधल्या फ्रेम बनवून भरतं, मॉनिटरची वायर छोट्या कार्डाला लावायची. पडद्यावर ४० चे ८० दिसतात. हाताला मात्र ४० च जाणवतात, किंबहुना थोडा उशीरच जाणवतो, म्हणून व्हॅलोरंटसारख्या चपळ नेमबाजीच्या गेमला तो वापरू नये. गोष्ट सांगणाऱ्या संथ गेमला छान. तुझ्या मनात लगेच येईल की मग दोन १०७० वरही हे होईल. होईल, बी२५० वरसुद्धा. पण त्यासाठी ८ हजार घालण्याआधी आहे त्या एका कार्डावर तो प्रोग्रॅम चालवून बघ, त्याला काहीशे रुपयेच पडतात. तुला ती अनुभूतीच आवडली नाही तर प्रश्न मिटला.

एक अट मात्र कुणी आधी सांगत नाही. एनव्हिडियाने १० च्या मालिकेला, म्हणजे १०७० लाही, गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. ५८० मालिकेचा ड्रायव्हर तिच्यासाठी शेवटचा, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अपडेट तेवढे येतील. विंडोजमध्ये दोन्ही एनव्हिडिया कार्डांना एकच ड्रायव्हर लागतो. म्हणजे १०७० आत ठेवलंस तर नवं कार्डही ५८० वरच अडकेल. एखाद्या नव्या गेमने पुढचा ड्रायव्हर मागितला की तुला निवड करावी लागेल. त्या दिवशी १०७० काढून ठेव. मित्राच्या कार्डालाही हाच नियम लागू आहे, किंमत ठरवताना ते धरायला हवं होतं.

आणि पीसीच्या उरलेल्या भागाचं काय? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आय५-७५०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. आज ना उद्या बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलावी लागणारच आहे. म्हणून आता जे घेशील ते पुढच्या पीसीत उचलून नेता येईल असं घे. कार्ड नेता येतं, चांगला एसएमपीएस नेता येतो. दुसरं १०७०, ब्रिज आणि झेड२७० यांतलं काहीच पुढे जाणार नाही. ७२०पीच्या चाचणीत दोष प्रोसेसरचा निघाला तर मधला एक स्वस्त उपाय आहे: आय७-७७०० तुझ्याच बोर्डावर बसतो, चार कोरच, पण आठ थ्रेड. आठव्या पिढीचा प्रोसेसर मात्र घेऊ नकोस. सॉकेटचा आकडा तोच दिसतो, बी२५० वर तो चालत नाही, आणि सेकंड हँड बाजारात यातच पुष्कळ जण फसतात.

वडिलांकडे जाताना ‘मला गेमसाठी’ असं न म्हणता बहिणीला बरोबर ने. घरातल्या दोघांना लागणारी वस्तू म्हणून बोलणं वेगळं होतं, आणि ते खरंही आहे. फक्त मग वेळही वाटून घ्यावी लागेल. रेंडर रात्री तू पीसीवरून उठल्यावर लावता येतं, ते सकाळपर्यंत आपलं आपण चालतं. तिला समोर बसून काम करायचे तास संध्याकाळचे दे. कार्ड तिच्या नावावर मागायचं आणि पीसी तूच अडवायचा, असं नको.

राहिला मित्र. ‘नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल’ असं तू लिहितोस. त्याने तुला कार्ड घेच म्हणून गळ घातली आहे का? पत्रात तसं काही नाही. बाहेर दहाला जाईल ते तुला आठला देतो, एवढंच तो म्हणाला. निघायच्या घाईत असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो ‘बघतो, सांगतो’ म्हणणाऱ्यांचा. तू आजच सांगितलंस तर त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधायला दोन आठवडे मिळतील. सरळ लिही: “अरे, माझ्या बोर्डावर गेमसाठी दोन कार्डं जोडता येत नाहीत, आज कळलं. तू दुसऱ्याला देऊन टाक.” बोर्डाचं कारण खरं आहे, त्यात रुसण्यासारखं काही नाही. त्याच्या कार्डासाठी योग्य माणूस म्हणजे ज्याच्या पीसीत ग्राफिक्स कार्डच नाही आणि जो १०८०पीवर जुने गेम खेळतो. ऑफिसात विचारून बघ, कुणी ना कुणी सापडेल. घेणाऱ्याला आपल्या पीसीवर लावून अर्धा-पाऊण तास गेम चालवून बघू दे, म्हणजे नंतर कुरबुर नको.

तो नुसतं कार्ड विकतोय की अख्खा पीसी मोडतोय, हे तू लिहिलं नाहीस. कार्ड तुझ्याच पिढीचं आहे, तेव्हा प्रोसेसरही त्याच पिढीचा असू शकतो. तो आय७-७७०० किंवा ७७००के निघाला, तर ८ हजार खिशात ठेवून आधी त्याचा भाव विचार. आणि त्याचा एसएमपीएस किती वॅटचा, कोणत्या साली घेतलेला, बिल आहे का, तेही विचारून घे.